रिबकेच्या जिभेची आणि सलूच्या शब्दाची कहाणी

ऐक, आकाशातल्या बापा, तुझ्या पहिल्या रविवारची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. कडेवरचं मूल मांडीवर घ्या, मांडीवरचं पदराखाली घ्या. रडलं तर रडू द्या, कहाणी खोळंबत नाही. आज उपास आहे. पोटात काही नाही, तेव्हा मन तरी इकडं द्या.

आटपाट नगर होतं, नगराला सात आळ्या होत्या. सहा आळ्यांत सकाळ झाली की घरोघर चहाचं आधण. सातवी आळी रंगाऱ्यांची. तिथं प्रभू येशूला भजणारी दहा-बारा घरं होती. संतमंडळी म्हणायचे त्यांना. ती माणसं चहाला शिवत नसत, तंबाखूला शिवत नसत. आल्यागेल्याला गुळाचं पाणी द्यायची. एकमेकांना भाऊ म्हणायची, बहीण म्हणायची. दर रविवारी सभेच्या घरी जमायची, भाकरी मोडायची, पाणी घ्यायची, प्रभूची आठवण करायची. आणि महिन्याचा पहिला रविवार आला की दोन वेळा उपाशी राहायची, त्या दोन वेळांचं अन्न ज्याची चूल थंड त्याच्या घरी पोचवायची. असा त्यांचा वसा.

त्या आळीत आमोस रंगारी राहायचा. त्याच्या बायकोचं नाव रिबका. आईचं नाव हन्नाबाई. आणि पाच वर्षांची एक लेक होती, सलोमी. सगळे तिला सलू म्हणायचे. सलू म्हणजे घरातली चिमणी. उठली की बोलायची, जेवताना बोलायची, बोलता बोलता निजायची.

"आई, निळा रंग निळा कुणी केला? आई, येशूला आजी होती का? आई, मुंगीला गुडघे असतात का? मग ती प्रार्थना कशी करते?"

रिबका कामाला वाघीण होती. अंगण तिचं आरशासारखं. भाकरी अशी फुगायची की शेजारणी बघायला यायच्या. कापड असं पिळायची की थेंब राहायचा नाही. पण एक उणं होतं. ते कुठं होतं? जिभेत होतं. राग आला की जीभ सुटायची, सुटली की आवरायची नाही. दूध उतू गेलं, जीभ सुटली. कापड मातीत पडलं, जीभ सुटली. नवरा जेवायला उशिरा आला, जीभ सुटली. आमोस म्हणायचा, "आमच्या रंगाच्या कढईला तरी खालून जाळ लावावा लागतो. तुला तोही लागत नाही." मग ती आणखी भडकायची. मग घटकाभरानं पदर तोंडात घालून रडायची. म्हणायची, उद्यापासून नाही. उद्या उजाडायचा, पुन्हा तेच व्हायचं.

रिबका पहिल्या रविवारचा वसा पाळायची. पाळायची म्हणजे कशी? थेंबभर पाणी घ्यायची नाही, पण सगळ्यांना ते कळेल असं बघायची. देवाजवळ बसायची नाही, काही मागायची नाही, काही सांगायची नाही. दोन वेळचं पीठ काढायची, डाळ काढायची, दिनाबाईच्या घरी न्यायची. दिनाबाई आळीच्या टोकाला राहायची. एकटी म्हातारी, नवरा नाही, मूल नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रिबका तिच्या उंबऱ्यावर शिधा ठेवायची, कडी वाजवायची आणि म्हातारी चाचपत दाराशी येईपर्यंत पाठ फिरवून चालू लागायची. मागून हाक यायची, "कोण गं माय? बस की घटकाभर!" रिबका काही बसायची नाही.

करता करता काय झालं? एका पहिल्या रविवारी सभेची भाकरी करायची पाळी रिबकेवर आली. ती भल्या सकाळी उठली. न्हाली, धुतली. ज्वारीचं पीठ नवं चाळलं. पोटात कालपासून अन्न नाही, डोळ्यापुढं अंधारी, पण हात चालत होते. भाकरी थापली. तव्यावर टाकली. निखाऱ्याला लावली. भाकरी अशी फुगली, अशी फुगली, की रिबकेला वाटलं, आज सभेत बघतील सगळे. पांढऱ्या फडक्यावर काढून ठेवली आणि ती हात धुवायला वळली.

सलू तिथं आली. लहान मुलांना उपास नसतो. तिला भूक लागलेली. "आई, हिच्या पोटात काय आहे?" म्हणाली आणि बोट घातलं. पापुद्रा मोडला. वाफ निघाली. सलूला हसू आलं. तिनं तो तुकडा तोंडात घातला.

रिबका वळून बघते तर भाकरी बसलेली.

"सभेची भाकरी! उष्टी केलीस! आता मी कुणाला काय देऊ? बडबड, बडबड, सदा नुसती बडबड! झडो एकदाची तुझी जीभ!"

बायांनो, आपण म्हणतो असं. तोंडातून जातं. मनात नसतं. पण लेकराला आपलं मन दिसत नाही, तोंडच दिसतं.

सलूनं तोंड मिटलं. घास तसाच गालात राहिला. रिबकेनं दुसरी भाकरी थापली, ती काही फुगली नाही. तशीच घेऊन सभेला गेली. सभेत सगळे गात होते, सलू गप्प. घरी आले, सलू गप्प. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. आजीनं मांडीवर घेऊन विचारलं, "सलूबाई, मुंगीला गुडघे असतात का गं?" सलूनं आजीकडं बघितलं. डोळे भरले. शब्द आला नाही.

मग वैद्य आणला. वैद्यानं तोंड उघडायला लावलं. चमच्यानं जीभ दाबली. म्हणाला, "घसा साफ आहे, जीभ जागेवर आहे. दुखतखुपत काही नाही."

"मग बोलत का नाही हो?"

"ते तिला विचारा, बाई. बोलली तर सांगेल," म्हणाला आणि निघून गेला.

आमोस म्हणाला, "त्या दिवशी काही झालं का गं?"

रिबकेनं आठवून बघितलं. आमोस तेव्हा मागच्या अंगणात कढईपाशी होता, सासू सभेचं घर झाडायला गेली होती. कुणी ऐकलं नाही, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "काय व्हायचंय? आंबट ताक प्यायली. घसा बसला."

सासूनं विचारलं, तिला सांगितलं ताक. आळीनं विचारलं, आळीला सांगितलं ताक. सभेत सगळ्यांनी विचारलं, सभेत सांगितलं ताक. खोटं लहानसंच होतं, पण शिळं चालत नव्हतं, रोज ताजं करून वाढावं लागत होतं.

मग रिबकेनं मनाशी म्हटलं, बिघडवलं मी, नीटही मीच करीन. कुणाच्या पाया पडायला जायचं नाही. माझी जीभ आहे, मी आवरीन. जीभ गोड झाली की पोर आपसूक बोलेल.

पहिल्या महिन्यात तिनं मौन धरलं. एक दिवस धरलं, दोन दिवस धरलं, तिसऱ्या दिवशी मांजरीनं दह्याच्या गाडग्यात तोंड घातलं. रिबका अशी ओरडली की मांजर गाडग्यासकट पडली. सलू आईजवळ बसायची ती उठली, आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

दुसऱ्या महिन्यात तिनं जिभेखाली मिठाचा खडा धरला. म्हणाली, बोलायला गेले की खारट लागेल, आठवण होईल. सकाळ पार पडली. दुपारी खडा विरघळला. त्याच वेळी आमोसनं धुतल्या कापडाला ओले हात पुसले. मग काय विचारता! आमोस कढईपाशी पळाला. सलू आजीच्या मांडीवरून उठली, बाजेखाली जाऊन बसली.

तिसऱ्या महिन्यात तिनं उपासावर उपास धरले. पहिल्या रविवारचा एक, वर बुधवार, वर शुक्रवार. पोट खपाटीला गेलं. डोकं तापलं. सासूला ती नको ते बोलली. हन्नाबाईनं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "मी चालले लेकीकडं. तिथं शिळं मिळेल, पण शांत मिळेल." आमोसनं हातापाया पडून गाठोडं सोडवलं. सलू बाजेखालून निघाली, कणगीमागं जाऊन बसली. तिथं उजेड नव्हता, कोपरा होता, धान्याचा वास होता. जेवायला तेवढी बाहेर यायची, पुन्हा आत जायची.

आता त्या मंडळीत आणखी एक रीत होती. बहिणी दोघी-दोघींच्या जोडीनं घरोघर जायच्या, विचारपूस करायच्या, काही अडलं असेल तर हात लावायच्या. सलू गप्प झाली त्याच सुमारास सभेच्या वडीलधाऱ्यांनी जोड्या नव्यानं लावल्या होत्या. रिबकेच्या घरी कोण आलं? लिया नावाची एक कोवळी पोर, नुकतीच मंडळीत आलेली, आणि तिचा हात धरून दिनाबाई.

रिबकेला ते लागलं. माझ्या पिठावर जगते आणि माझी विचारपूस करते!

पहिल्या महिन्यात दोघी आल्या. "कसं काय, रिबकाबहीण?" "सगळं बेस." गुळाचं पाणी दिलं. लिया म्हणाली, "चहा नाही का?" आणि जीभ चावली. "अगंबाई, आपल्यात नसतो की! इतक्या वर्षांची खोड, जाता जाईना." दिनाबाई खुदकन हसली. रिबका हसली नाही.

दुसऱ्या महिन्यात आल्या. "कसं काय?" "सगळं बेस."

तिसऱ्या महिन्यात आल्या. दिनाबाईनं कसं काय विचारलंच नाही. भिंतीला टेकून बसली. कान दिला. म्हणाली, "सलू कुठाय?"

"आहे इथंच."

"इथंच म्हणजे कणगीमागं. श्वास ऐकू येतो मला. का गं बाई, लेकरू धान्याची राखण करतंय?"

"घसा बरा नाही तिचा. ताक..."

"तीन महिने एकच ताक?"

लियाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला. झालं. रिबकेची जीभ सुटली.

"तुम्हाला काय करायचंय माझ्या घरचं? दर महिन्याला माझं पीठ खायचं, माझी डाळ खायची, आणि वर माझ्याच दारात बसून मलाच प्रश्न?"

लियाचं तोंड उतरलं. हन्नाबाई आतून म्हणाली, "रिबके! अगं काय बोलतेस!"  

दिनाबाई रागावली नाही. म्हणाली, "खरं आहे, पोरी. तुझंच खाते. तीन वर्षं खाते. दर महिन्याला ते पीठ मांडीवर घेते आणि तुझं नाव घेऊन देवाला आशीर्वाद मागते. पण आजवर नुसती तुझी कडी ऐकली. मग 'सगळं बेस' ऐकलं. तुझा खरा आवाज आज ऐकला. बरं वाटलं."

रिबका मटकन खाली बसली.  रडू आलं, पदरात मावेना.

"मावशी, ताक नव्हतं हो. मी तिला म्हणाले, जीभ झडो. देवानं ऐकलं. माझ्या लेकीची वाचा नेली."

"गप. देव असलं ऐकत नाही. आईच्या तोंडचं असलं ऐकायला लागला तर पृथ्वीवर मूल उरायचं नाही. वाचा कुठं गेली नाही, बाई. भिऊन आत बसलीय. तुझ्या जिभेला भिते."

"मी काय कमी केलं? मौन धरलं, मीठ धरलं, उपास धरले..."

"कुणाला सांगून धरलेस?"

"कुणाला नाही."

"देवाला?"

"त्यालाही नाही."

"मग तो उपास कसला? नुसती उपासमार झाली." दिनाबाईनं चाचपत तिचा हात धरला. "ऐक. मलाही उणं होतं. मला दुसऱ्याचं घेता येत नव्हतं. नवरा गेला, पीठ संपलं, दोन दिवस कडी लावून उपाशी बसले. लाज! मरेन पण हात पसरणार नाही. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांवर पडले आणि म्हटलं, बापा, मला घेता येत नाही, तू शिकव. मग कडी काढली. आता बघ, तुझ्यासारखीचं ऐकून घेऊनही तुझं पीठ गोड लागतं." लिया आता मोकळी हसली, आणि रिबकेलाही रडता रडता हसू आलं. म्हातारी म्हणाली, "माणसात उणं त्यानंच ठेवलंय. का ठेवलंय? आपण त्याच्या दाराशी यावं म्हणून. सगळं पुरतं असतं तर कोण गेलं असतं तिकडं?"

"मग मला वसा सांगा, मावशी."

"वसा तुझ्या घरातच आहे. तू तो पाळतेस, पण धरत नाहीस."

"आता धरीन."

"धरल्यावर मिरवशील. कंटाळशील. अर्ध्यावर सोडशील."

"मिरवणार नाही, कंटाळणार नाही, अर्ध्यावर सोडणार नाही."

मग दिनाबाईनं सांगितलं. शनिवारी जेवून हात धुवावे. घरातल्यांना बोलवावं. गुडघे टेकावे. माझ्यात हे उणं आहे, मला ते आवरत नाही, असं नाव घेऊन देवबापाला सांगावं. दोन वेळचं अन्न आपल्या हातानं न्यावं, उंबरा ओलांडून द्यावं, घटकाभर बसावं. उपासात तोंड वाकडं करू नये. ज्याचं मन मोडलं त्याची क्षमा मागावी, मग तो लहान असो की मोठा. आणि सभेत उभं राहून खरं ते सांगावं.

सगळं ऐकून रिबका म्हणाली, "बाकी सगळं करीन. सभेतलं तेवढं सोडून सांगा."

दिनाबाई म्हणाली, "मी कोण सोडणारी? जमेल तेव्हा कर. पण ते राहिलंय हे विसरू नको."

दोघी गेल्या. रिबका उठली. कणगीपाशी गेली. वाकून बघितलं तर सलू दिसेना. तेव्हा ती गुडघ्यांवर बसली. मग दिसली. अंधारात दोन डोळे.

हन्नाबाई म्हणाली, "हे काय? लेकरापुढं गुडघे टेकतेस? उद्या डोक्यावर बसेल."

"बसू द्या, आत्याबाई. आत्ता ती कणगीमागं बसलीय."

मग सलूला म्हणाली, "सलू, आई चुकली. तुझ्या बडबडीला मी वाईट म्हणाले. ती वाईट नाही. माझी जीभ वाईट आहे. मला ती आवरत नाही. मी देवबापाला सांगणार आहे." सलू बोलली नाही. रिबकेनं पाणी ठेवलं, गूळ ठेवला, आणि मागं सरकली.

त्या शनिवारी जेवणं झाली. घरातले सगळे गुडघ्यांवर बसले. रिबकेनं नाव घेऊन सांगितलं, "देवबापा, मी लेकीला जीभ झडो म्हणाले आणि सगळ्यांना ताक म्हणून सांगितलं. मला राग आवरत नाही. मी करून बघितलं, जमलं नाही. तू कर. येशू ख्रिस्ताच्या नावानं मागते. आमेन." डोळे उघडले. आता आमोस काय म्हणेल, सासू काय म्हणेल, म्हणून ती आळीपाळीनं त्यांची तोंडं बघू लागली.

आमोस खाली बघत होता. म्हणाला, "मी ऐकलं होतं त्या दिवशी. कढईपाशी होतो. ऐकलं आणि गप्प बसलो. तुला भ्यालो." थांबून म्हणाला, "भ्यालो म्हणून लेकीला उचललंसुद्धा नाही." हन्नाबाईनं दोघांकडं बघितलं, नाक ओढलं, आणि म्हणाली, "मीही गाठोडं उगाच बांधलं. लेक माझी मला कुठं ठेवून घेणार होती!"

दुसऱ्या दिवशी रिबका शिधा घेऊन गेली. उंबरा ओलांडला. घटकाभर बसली. दिनाबाईच्या डोक्याला तेल लावलं, माठात पाणी भरलं. घरी आली तर सलू कणगीमागून निघून बाजेखाली बसलेली.

महिना गेला. रिबकेची जीभ गोड झाली का? नाही झाली. एके दिवशी लग्नघरचं कापड आलं, पांढरं, कोरं. सलू बाजेखालून निघाली, तिचा पाय निळीच्या गाडग्याला लागला. कापडावर निळीचा ओघळ गेला. रिबका ओरडली, "डोळे फुटले का तुझे? तुझी..." आणि तिथं काय झालं? मागून कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं झालं. मागं तर कुणी नव्हतं. पुढचा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो तिथंच राहिला. रिबका जागच्या जागी गुडघ्यांवर आली. निळीच्या ओघळातच आली. "बापा, धर मला. सलू, चुकले गं."

सलू पळाली नाही. उभी राहिली. मग दोन पावलं पुढं आली. तिनं आपला लहानसा हात आईच्या तोंडावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. रिबकेनं तो हात तिथंच राहू दिला. श्वाससुद्धा हळू घेतला. लग्नघरचं कापड सगळंच निळं रंगवावं लागलं. त्यांना ते आवडलं की नाही ते मला माहीत नाही.

आणखी एक महिना गेला. सलू आता आईच्या जवळ बसायची. आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसायची. पण शब्द काही यायचा नाही. रिबकेच्या मनात यायचं, सगळं तर केलं. मग आठवायचं, एक राहिलंय.  सात आळ्या काय म्हणतील? ज्या बायका माझी भाकरी बघायला येतात त्या उद्या काय बघायला येतील? आणि मग मनात यायचं, नाहीच आला शब्द कधी, तर? मोठी होईल, सासरी जाईल, मला आई म्हणून हाक नाही मारायची कधी? हे मनात आलं की ती हातातलं काम टाकून सलूला पोटाशी धरायची.

मग पहिला रविवार आला. रिबकेनं शनिवारी गुडघे टेकून म्हटलं, "बापा, माझ्यानं उभं राहवणार नाही. तू उभं कर."

सभा भरली. गाणं झालं. भाकरी मोडली, पाणी फिरलं. मग ज्याला मनातून बोलावंसं वाटेल त्यानं उठून बोलायचं, अशी त्या रविवारची रीत. एक भाऊ उठला, त्यानं देवाचे आभार मानले. एक बहीण उठली, तिनं आजारपण सांगितलं. मग रिबका उठली.

उठली आणि तिची जीभ टाळूला चिकटली.

सात आळ्यांना ऐकू जाणारी जीभ! मांजरीला पाडणारी, नवऱ्याला पळवणारी! ती हलेना. ओठ हलले, आवाज नाही. मागच्या बाकावरून एक बाई हळूच म्हणाली, "रिबका आणि गप्प? आज नगरात आक्रीत झालं." दोघी-तिघी हसल्या. रिबकेनं ऐकलं. एरवी तिनं काय केलं असतं, तुम्हीच सांगा. आज तिला राग आलाच नाही. ती नुसती उभी राहिली.   तिला वाटलं, माझ्या लेकीला असंच होत असेल. आत सगळं आहे आणि बाहेर येत नाही. किती महिने अशी राहिली माझी पोर! डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आता ती खाली बसणार, एवढ्यात तिचा हात कुणीतरी धरला.

खाली बघते तर सलू बाकावरून उतरलेली. दोन्ही हातांनी आईचा हात धरून उभी. मान वर करून आईकडं बघत होती. आणि मग, बायांनो, कधीची मिटलेली ती वाचा, गंजल्या कडीसारखी करकरत उघडली.

"आई, सांग. मी धरलंय तुला."

 हन्नाबाईनं तोंडावर हात घेतला. आमोस उठून उभा राहिला, बसायचं विसरला. दिनाबाई लियाला म्हणाली, "कोण बोललं गं? कोण बोललं?" लिया रडत होती, तिला सांगता येईना.

रिबकेची जीभ सुटली. पण आज कशी सुटली? हळू सुटली. ती म्हणाली, "भावांनो, बहिणींनो, ताक नव्हतं. मीच होते." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भाकरी सांगितली, शाप सांगितला, खोटं सांगितलं, मिठाचा खडा सांगितला. दिनाबाईला काय बोलली तेही सांगितलं. सगळं सांगून होईपर्यंत सलूनं हात सोडला नाही. मधे एकदा हळूच म्हणाली, "आई, मांजरीचं राहिलं." मग तेही सांगितलं. सभा रडली आणि हसली.

रिबका बसली तेव्हा मागच्या बाकावरची ती बाई उठून पुढं आली. तिच्या कडेवर दीड वर्षाचं पोर होतं, त्याच्या दंडावर बोटं उमटलेली.  रिबकेशेजारी बसली आणि पोराचा दंड पदरानं झाकला. रिबकेनं पदर बाजूला केला, दंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "माझ्याकडं येत जा. राग आला की यायचं. दोघी मिळून गुडघे टेकू."

तेव्हापासून त्या आळीतल्या आया रिबकेकडं यायला लागल्या. मग सहाव्या आळीतून आल्या, मग पाचव्या. चहा मिळायचा नाही, गुळाचं पाणी मिळायचं, तरी यायच्या. कारण जिला राग कधी येतच नाही तिला काय कळणार? रिबकेला कळायचं. देवबापानं तिची जीभ काढून दुसरी लावली नाही. जीभ तीच राहिली. अजूनही कधी सुटायची. पण ती सुटली की गुडघेही मागोमाग टेकायचे, आणि टेकलेल्या माणसाला तो कसा धरतो ते तिला माहीत झालं होतं. जे तिचं दुबळं होतं त्यातूनच तिला बळ आलं. आणि सलू? सलू सकाळपासून बोलायची, जेवताना बोलायची, बोलता बोलता निजायची. रिबकेला कधी कंटाळा यायचा, पण कान द्यायची.

जसं रिबकेला देवबापानं सावरलं, तसं तुम्हां आम्हां साऱ्याजणींना सावरो. कुणाचं लेकरू कणगीमागं बसलं असेल तर आईच्या मांडीवर येवो. कुणाच्या ओठावर वाईट शब्द आला असेल तर तो तिथंच राहो. मुखी गोड बोल येवो, हाती द्यायचं अन्न येवो, मनी नमतेपण येवो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत गुंडाळली, ऐकणारीला फळली, सांगणारीची पुरी झाली. आमेन.